नातवाचे नाक आणि आजीचे भय



आपल्या अंकात कोकणातल्या आठवणी याव्यात, सणावारांचे लेख यावेत, कुणाच्या लग्नाचे वृत्त यावे. त्या पानांवर नाकात मारावयाच्या औषधाविषयी लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असे मला कधी वाटले नव्हते. परंतु अलीकडे आपल्याच ओळखीच्या दोन-तीन घरांतून एकच प्रश्न माझ्या कानी आला: "मुलाचे ऑपरेशन झाले, गाठ काढली, मग आता हे स्टिरॉइड नाकात कशाला?" हा प्रश्न ऐकला की माझी मान आपोआप खाली जाते. कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता, त्याचे उत्तर कोणालाही न विचारता मीच ठरवले होते, आणि त्याची किंमत माझ्या पाच वर्षांच्या नातवाने मोजली. ती हकीकत सांगितल्यावाचून मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही.

मी पेशाने शिक्षिका. रायगड जिल्ह्यात 1988 साली डी.एड. पूर्ण केले आणि अलिबाग तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत सात वर्षे शिकवले. 1995 साली आम्ही इस्रायलला येऊन अश्दोदला स्थायिक झालो. नातवाकडे वळण्यापूर्वी त्या जुन्या शाळेतील एका मुलाची आठवण सांगणे भाग आहे.

1991 साली माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता, त्याचे तोंड सदैव उघडे, नाक वाहते, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. शुद्धलेखन घातले की मी सांगावे एक आणि त्याने लिहावे भलतेच. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळून पाही. मी त्याला मागच्या बाकावर बसवले आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, "लक्ष देत नाही." त्याच्या आईने तो शेरा कोणाकडून तरी वाचून घेतला आणि मुलाला मारले, असे मला पुढे समजले. इस्रायलमध्ये आल्यावर शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात नाकामागील गाठीमुळे कमी ऐकू येणाऱ्या मुलांची लक्षणे सांगण्यात आली, तेव्हा तो मुलगा जसाच्या तसा माझ्यापुढे उभा राहिला. ज्याला पुढच्या बाकावरही नीट ऐकू आले नसते, त्याला मी मागे बसवले होते.

म्हणूनच 2022 च्या हिवाळ्यात आमचा नातू दूरदर्शन संचाचा आवाज वाढवू लागला, तोंड उघडे टाकून झोपू लागला, तेव्हा घरात सर्वप्रथम सावध झाले ती मी. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीवर जातात, त्यामुळे गानमधून आणल्यापासून झोपेपर्यंत बहुधा तो माझ्याकडेच असतो. रात्री तो घोरे, मध्येच श्वास अडल्यासारखा थांबे आणि दचकून कुशी बदली. मीच मुलीच्या मागे लागले आणि कुपत-होलीमच्या डॉक्टरांकडून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे त्याला नेले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले, श्रवणाची चाचणी केली. नाकाच्या मागची गाठ इतकी वाढली होती की हवेला वाट अपुरी पडत होती, आणि दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साठले होते.

या गाठीला वैद्यक 'अॅडिनॉइड' म्हणते. आपल्याकडे घशातील गाठी दिसतात म्हणून सर्वांना ठाऊक असतात. ही मात्र पडजिभेच्या वर, नाक जेथे घशाला मिळते तेथे दडलेली असते, तोंड उघडून पाहिले तरी दिसत नाही. हिब्रूत घशातल्या गाठींना 'शकेदीम', म्हणजे बदाम, म्हणतात आणि हिला 'शाकेद श्लिशी', म्हणजे तिसरा बदाम. आपले लोक मात्र इथल्या बोलीप्रमाणे 'पोलिपीम' म्हणूनच तिला ओळखतात. ही गाठ म्हणजे रोग नव्हे. श्वासावाटे येणाऱ्या जंतूंशी लढावयास शिकणारी ती एक चौकीच आहे. लहानपणी ती मोठी असते आणि किशोरवयात सहसा आपोआप आकसते. परंतु काही मुलांत ती इतकी फुगते की नाक बंद होते, आणि कानाला घशाशी जोडणाऱ्या बारीक नळीचे कार्य बिघडते. मुलांचे तोंडाने श्वास घेणे, अस्पष्ट बोलणे आणि कमी ऐकू येणे यांचा या वाढलेल्या मांसाशी असलेला संबंध कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी 1868 साली जगापुढे मांडला. म्हणजे मी 1991 साली 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिला, त्यापूर्वी सव्वाशे वर्षांच्या आसपास हे ज्ञान पुस्तकांत होते. ते माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते, इतकेच.

फेब्रुवारी 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल देऊन, तोंडावाटेच गाठ काढतात. बाहेर कोठेही छेद नाही, टाका नाही. सकाळी नेलेला मुलगा सायंकाळी घरी येऊन आर्तिक चोखत बसला होता. पहिले काही दिवस तोंडाला वास येई, नाक चोंदलेले असे. ते अपेक्षितच आहे असे आम्हांला सांगितले होते. पुढे काही आठवड्यांनी कानातले पाणी ओसरल्याचे चाचणीत दिसले आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

परंतु नाक पूर्ण मोकळे झाले नाही. सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका, तळहाताने नाक वर चोळण्याची सवय, आणि रात्री पुन्हा थोडे उघडे तोंड. डॉक्टरांनी त्वचेवर चाचण्या करविल्या, तेव्हा घरातील धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची आणि ऑलिव्हच्या परागाची अॅलर्जी निघाली. समुद्रकाठच्या आपल्या दमट हवेत हे धुळीतले किडे चांगलेच पोसतात, आणि वसंतात ऑलिव्ह फुलतो तो वेगळाच. डॉक्टरांनी नाकात मारावयाचा मोमेटासोनचा फवारा लिहून दिला: प्रत्येक नाकपुडीत दररोज एकदा, तीन महिने, आणि मे महिन्यात मध्यंतरी एकदा दाखवून जाणे. मुलगी सकाळी घाईत असते, म्हणून ते काम रात्रीचे आणि अर्थातच माझे ठरले.

त्या रात्री खोक्यातील पत्रक मी वाचले. शिक्षिकेची सवय, छापील कागद दिसला की वाचावयाचाच. पहिल्याच परिच्छेदात तो शब्द आला, 'कॉर्टिकोस्टिरॉइड', आणि माझे हात थिजले.

याला कारण होते. ठाण्याला माझी मोठी मावशी दम्याने पिडलेली होती आणि वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होती. तिचा मूळचा कोरीव चेहरा सुजून गोल झाला, कातडी कागदासारखी पातळ झाली. शेवटी पाण्याची कळशी उचलताना तिच्या पाठीचा मणका मोडला. त्या औषधानेच तिचा श्वास चालू ठेवला होता, हे खरे. परंतु माझ्या मनात राहिला तो फक्त मोडलेला मणका. जे मावशीच्या देहात गेले, तेच मी या पाच वर्षांच्या पोराच्या नाकात घालू?

मी कोणालाही विचारले नाही. रोज रात्री मी त्याच्या नाकात मीठपाण्याचा फवारा मारी आणि औषधाची बाटली कपाटात तशीच ठेवी. मुलगी कामावरून आल्यावर विचारी, "आई, औषध दिलंस?" आणि मी म्हणे, "दिलं." जन्मभर मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवणारी मी दोन महिने रोज रात्री एकाच शब्दात खोटे बोलत होते, आणि ते नातवाच्या रक्षणासाठी आहे अशी स्वतःची समजूत घालीत होते.

मे महिना उजाडला तोवर नातवाची रात्र पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखी झाली होती. घोरणे वाढले, सकाळी तो चिडचिडा उठे, आणि गानच्या बाईंनी निरोप पाठवला की हल्ली तो गोष्टीच्या वेळी पेंगतो. ठरलेल्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाक तपासले आणि मुलीला विचारले, "फवारा रोज देता ना?" ती तत्काळ म्हणाली, "रोज, एक दिवसही चुकला नाही." डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले की दोन महिने नियमित औषध घेऊनही नाकातील सूज इतकी असेल, तर पुन्हा दुर्बिणीने पाहावे लागेल, काही मांस शिल्लक राहिले आहे काय याचा शोध घ्यावा लागेल, आणि प्रसंगी पुन्हा भूल देण्याचाही विचार करावा लागेल.

मुलीचा चेहरा उतरला. नातू माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्यांशी खेळत होता. मला त्या खोलीत बसवेना. मी म्हणाले, "डॉक्टर, औषध त्याला मिळालेच नाही. एकदाही नाही. मी दिले नाही."

माझी मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "आई, तू मला रोज खोटं सांगितलंस?" त्या एका वाक्यापुढे कोणत्याही डॉक्टरचा राग मला हलका वाटला असता.

डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी मावशीची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग समजावून सांगितले, ते मी येथे जमेल तसे मांडते.

स्टिरॉइड हे एका औषधाचे नाव नव्हे, मोठ्या कुळाचे नाव आहे. शरीर कमावण्यासाठी काही लोक चोरून घेतात ते स्टिरॉइड वेगळे. सूज उतरवणारे ते कॉर्टिकोस्टिरॉइड; आपल्या मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी अशा जातीचा रस आयुष्यभर तयार करीतच असतात. या रसांच्या शोधासाठी 1950 चे नोबेल पारितोषिक केंडल, हेंच आणि राइखस्टाइन या तिघांना मिळाले. त्यांपैकी राइखस्टाइन हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

मावशीच्या गोळ्या पोटात जात, रक्तात मिसळत आणि हाडांपर्यंत सर्वत्र पोहोचत, त्याही वर्षानुवर्षे. नातवाचा फवारा नाकाच्या अस्तरावर पडतो आणि तेथेच काम करतो. त्याच्या वयाला रोजची मात्रा 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मावशीच्या गोळ्या मिलिग्रॅमने मोजल्या जात. केवळ वजनाची तुलना पुरेशी नाही, कारण मोमेटासोन हे तोलास तोल अधिक प्रभावी औषध आहे; महत्त्वाचे हे की नाकात मारलेल्या मोमेटासोनपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो. जो भाग गिळला जातो, तो यकृतातून जाताना बहुतेक निष्प्रभ होतो.

"मग भीती निराधारच म्हणायची?" मी विचारले. डॉक्टर म्हणाले, तसेही नाही. बेक्लोमेथासोन हे जुने औषध वर्षभर नाकात घेणाऱ्या मुलांची उंची किंचित कमी वाढल्याचे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोमेटासोनच्या अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही. तरीही औषध दीर्घकाळ चालू असेल तर मुलाची उंची वेळोवेळी मोजावी, आणि लागेल तेवढीच मात्रा, लागेल तेवढेच दिवस द्यावी. मूल दम्यासाठी ओढण्याचे स्टिरॉइड किंवा त्वचेसाठी त्याचे मलम वापरीत असेल, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण हिशेब सर्वांचा मिळून करावयाचा असतो.

आणि शस्त्रक्रियेनंतर औषध कशासाठी? येथेच आपली गफलत होते. गाठ काढणे म्हणजे दारापुढचा दगड हलवणे. परंतु अॅलर्जीने दाराची चौकटच फुगली असेल, तर दगड हलवूनही दार उघडत नाही. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात. अॅलर्जीत त्या सुजतात, आणि ती सूज सुरी उतरवीत नाही, औषध उतरवते. शिवाय अॅडिनॉइड हे एखाद्या पिशवीत बंद असलेले मांस नव्हे की संपूर्ण बाहेर काढता यावे. थोडे राहते, आणि लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांत ते पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेनंतर काही काळ फवारा दिल्यास ही पुन्हा होणारी वाढ व नाक चोंदणे कमी राहते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. प्रत्येक मुलाला तो लागतोच असे नाही. आमच्या नातवाला लागत होता. कानातल्या पाण्यावर मात्र हा उपाय नव्हे, तो नाकाचा उपाय आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मग त्यांनी बाटली माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "सावता, कसा मारणार ते दाखवा." मी बाटलीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरले. पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षिकेचा तो पहिला धडा चुकला होता. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला तर तो कोरडा पडतो आणि रक्त येते. टोक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावयाचे. स्वतः घेणाऱ्या मोठ्या मुलाने उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारले की दिशा आपोआप बरोबर येते. आधी नाक शिंकरून वा मीठपाण्याने स्वच्छ करावे, बाटली हलवावी, मुलाची मान किंचित पुढे झुकलेली असावी, मागे नव्हे. फवारा मारल्यावर जोराने वर ओढू नये. ओढले तर औषध नाकात न राहता घशात उतरते.

आणखी एक ताकीद त्यांनी दिली. सर्दीत नाक क्षणात मोकळे करणारे थेंब औषधांच्या दुकानात मिळतात, ते वेगळे. ते काही दिवसांहून अधिक घातले तर नाक उलट अधिकच चोंदते. हा फवारा क्षणात काही करीत नाही. त्याला अनेक दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि तेही रोज दिला तर. "चार दिवसांत गुण नाही" म्हणून पुष्कळ घरांत तो बंद होतो.

त्या रात्री मुलगी माझ्याशी फारसे बोलली नाही. मीही क्षमा मागण्याचे शब्द शोधीत राहिले. शेवटी मी एका वहीचे पान आखून भिंतीवर लावले: तारीख, औषध, सही. शाळेतल्या हजेरीपटासारखे. पहिल्या रात्री फवारा मारून मी सही केली आणि मुलीला म्हणाले, "तुझा विश्वास परत येईपर्यंत तू रोज बाटली हलवून पाहत जा." ती म्हणाली, "आई, बाटली नाही गं पाहणार. पण पुढे भीती वाटली, तर ती मला सांग. औषध लपवू नकोस." माझ्या मुलीने मला दिलेला तो शेरा मी मानते, आणि तो अगदी योग्य होता.

तिसऱ्या आठवड्यात शिंका कमी झाल्या. जून अखेरीस एका रात्री मी पांघरूण घालावयास गेले तर खोली इतकी शांत होती की मी घाबरून वाकून पाहिले. नातू तोंड मिटून झोपला होता. ऑलिव्हचा बहर तोवर ओसरला होता, गाद्या-उशांना धूळ अडवणारी आवरणे घातली होती, चादरी दर आठवड्यास कडकडीत पाण्यात धुतल्या जात होत्या. म्हणून सारे श्रेय एकट्या फवाऱ्याला देणार नाही. परंतु पुढल्या तपासणीत सूज उतरलेली दिसली आणि दुसऱ्या भुलेचा विषय निघाला नाही. मध्ये दोनदा नाकातून किंचित रक्त आले. डॉक्टरांना विचारून आठवडाभर थांबलो, टोकाची दिशा सुधारली आणि पुन्हा सुरू केले. ऑगस्टअखेर डॉक्टरांनीच औषध थांबवले. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा मी अजूनही करते. त्या वर वर सरकत आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये तो किता अलेफमध्ये गेला आणि पुढच्या बाकावर बसला. ती जागा त्याला मिळावी असे मीच त्याच्या आईला सुचवले होते, कारण मागच्या बाकावर बसवलेला एक मुलगा मला अजून विसरता आलेला नाही.

वाचकहो, भाषा शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत आले की शब्दाचा अर्थ सुटा पाहू नका, वाक्यात पाहा. 'स्टिरॉइड' हा शब्द मी सुटा वाचला. किती, कोठे, किती दिवस, कोणासाठी, हे वाक्य मी वाचलेच नाही. तुमच्या घरी असा कागद आला तर जरूर घाबरा. माझ्यासारखी मावशी पाहिली असेल तर भय वाटणारच. परंतु ते भय कपाटात बंद करून ठेवू नका. ते घेऊन डॉक्टरांसमोर जा आणि मोठ्याने विचारा. फवारा आपल्या मनाने सुरू करू नका, आपल्या मनाने बंदही करू नका.

आणि आजी-आजोबांनो, नातवंडांचे औषध आपल्या हाती दिले जाते तेव्हा मुलीचा-सुनेचा विश्वासही त्यासोबत दिलेला असतो. औषध पुन्हा सुरू करता आले. विश्वासाला मात्र अधिक काळ लागला. तो हजेरीपट आमच्या भिंतीवरून मुलीने स्वतःच्या हाताने काढला, तेव्हा कोठे मला वाटले की मी उत्तीर्ण झाले.

आपली,
एक शिक्षिका भगिनी, अश्दोद